बाळाचा डिजिटल वजनकाटा घ्यायचा का नाही? (कोल्हापुरातनं, भर पावसातला रिव्ह्यू)

ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. वस्तू म्हणजे बाळाचा डिजिटल वजनकाटा, तो वरती पसरट ट्रे असलेला, ऑनलाइन मागवलेला, किंमत दोन हजारांच्या आतबाहेर. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पहिला पीस खराब निघाला आणि बदलून आलेला मस्त चालतोय, मग नाव घेऊन काय सांगणार, आणि या किमतीतले सगळे काटे दिसायला तरी सारखेच आहेत. पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार पहिल्या पीसमुळं गेला आणि अर्धा कापला तो काट्याचा दोष नाही, काटा घरात आल्यावर घरातली माणसं जे करतात त्याचा आहे, ते पुढं येईलच.

आधी आमची केस सांगते म्हणजे तुमच्याशी जुळते का बघा. पोरगी जुलैत झाली, जन्माचं वजन 2 किलो 650 ग्रॅम. म्हणजे कमी वजनाची म्हणतात त्या अडीच किलोच्या रेषेच्या जरा वर. पहिल्या चार दिवसांत ती 2 किलो 420 वर आली तेव्हा मी घाबरले होते, पण डॉक्टर म्हणाले की नवीन बाळाचं वजन पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, अंगातलं पाणी जातं, बघायचं असतं ते दोन आठवड्यात जन्माच्या वजनावर परत येतं का. आणि आमची तिथंच गाडी अडकली. दोन आठवडे झाले तरी 2 किलो 550. पाच मिनिटं प्यायची, झोपायची, खाली ठेवलं की रडायची, परत घेतलं की दोन घोट आणि परत झोप. दिवसभर मी एका जागी बसून आणि पोरीच्या पोटात काय गेलं देव जाणे. लघवी तपासली, इन्फेक्शन नव्हतं, हृदयाचे ठोके नीट, जीभ खालनं चिकटलेली नाही ना तेही बघितलं. बाळ ठणठणीत, फक्त वजन चढत नाही. असल्या वेळी रोग निघाला नाही म्हणून बरंही वाटतं आणि मग करायचं काय तेही कळत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं दर आठवड्याला वजन दाखवा. आता जुलै-ऑगस्टचा कोल्हापूरचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको. आम्ही कसबा बावड्यात राहतो, राजाराम बंधारा पाण्याखाली, पंचगंगा पात्राबाहेर, रिक्षात दोन्हीकडनं पाणी आत येतंय आणि मांडीवर तीन किलोपण नसलेलं बाळ. त्यात प्रत्येक ठिकाणी काटा वेगळा. दवाखान्यात एक आकडा, अंगणवाडीत टांगायचा स्प्रिंगचा काटा, त्याच्यावर एक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम, बाळ झोळीत हलतंय आणि ताई अंदाजानं म्हणतात 'पावणेतीन धरा.' अहो पण आमचं सगळं भांडणच शंभर-दीडशे ग्रॅमचं आहे. एकदा तर तीन दिवसांत पोरीचं वजन उतरलेलं निघालं, घरात रडारड, नंतर कळलं की आधीचं वजन स्वेटर-टोपी-दुपट्यासकट केलं होतं. डॉक्टर तेव्हा एकच वाक्य बोलले, कुठलाही काटा घ्या पण एकच घ्या. मग मागवला.

पहिला पीस. बॉक्स चांगला, ट्रे चांगला, 5 किलोपर्यंत 5 ग्रॅमनं आणि वर 10 ग्रॅमनं मोजतो असं लिहिलेलं. लिहिलंय म्हणून मानायचं तर कोल्हापुरात नाही. माझ्या सासऱ्यांचं, आम्ही मामा म्हणतो त्यांना, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत आयुष्य गेलंय, त्यांना काटा दिसला की हात शिवशिवतात. त्यांनी दुकानातनं वैधमापनचा, म्हणजे सरकारी तपासणीचा, शिक्का असलेली एक किलोची आणि दोन किलोची लोखंडी वजनं आणली. एक किलो ठेवलं, एक किलो दाखवलं. दोन ठेवलं, दोन दाखवलं. मी म्हटलं झालं, बरोबर आहे. मामा म्हणाले 'थांब की गं, मधी ठेवलंयस. कोपऱ्यात ठेव.' कोपऱ्यात दोन्ही मिळून तीन किलो ठेवलं तर 2 किलो 930! दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर बरोबर. म्हणजे एका पायाखालचा सेन्सर गंडलेला असणार. आता बाळ काय ट्रेच्या बरोब्बर मध्ये शिस्तीत पडून राहतंय का, ते पाय मारत मारत एका बाजूला सरकणारच, आणि सत्तर ग्रॅम म्हणजे आमचं अडीच-तीन दिवसांचं वाढायचं वजन. मामांनी ही तपासणी केली नसती तर आम्ही महिनाभर खोट्या आकड्यांवर रडलो-हसलो असतो.

रिटर्नला वेळ लागला. कस्टमर केअरवाले म्हणतात फोटो पाठवा, पाठवला, म्हणतात व्हिडिओ पाठवा, तोही पाठवला ज्यात मामा लुंगीवर बसून वजनं सरकवतायत आणि कॉमेंट्री देतायत. बदलून आलेला दुसरा पीस चारी कोपऱ्यात आणि मध्ये सारखाच दाखवतो. तुमच्याकडे लोखंडी वजनं नसतील तर रिकामी बाटली ट्रेवर ठेवून काटा शून्य करा आणि मोजून एक लिटर पाणी ओता, एक किलोच्या आसपास यायला पाहिजे. मग तीच बाटली चारी कोपऱ्यात फिरवा. हे रिटर्नची मुदत संपायच्या आत करा, बाळाचे फोटो काढण्यात आठवडा घालवू नका.

वापराबद्दल. काटा फरशीवरच ठेवायचा, गादीवर, सतरंजीवर, पलंगावर ठेवला की काहीही दाखवतो. डोक्यावरचा पंखा बंद करा, ट्रे पसरट असल्यामुळं वाऱ्यानंसुद्धा आकडा नाचतो. ट्रे गार लागतो, पावसाळ्यात तर बर्फासारखा, म्हणून आधी पातळ फडकं टाकून शून्याचं बटण दाबायचं आणि मग बाळ ठेवायचं, फडक्याचं वजन आपोआप वजा होतं. होल्ड नावाचं एक बटण आहे, बाळ हलत असलं तरी चारपाच सेकंदांत एक आकडा पकडून ठेवतं, ते चांगलं आहे पण बाळ रडत असेल तर दोनदा करून बघा. डायपर काढून, उघड्या अंगानं, दर वेळी त्याच वेळेला. आम्ही मंगळवारी सकाळी अंघोळीच्या आधी करायचो. बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात, त्यांना काट्याचा भयंकर राग. 'आमच्या येळंला कुठं हुता काटा? हाताला कळतंय की पोर भरलंय का न्हाई.' आणि त्यांच्या हाताला कळायचं ते मला तरी काट्याएवढंच खरं वाटायचं, कारण मांड्यांना वळी पडायला लागली हे पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं.

आता तो अर्धा स्टार. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, इंजिनिअर. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतं ना, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, आता किती झाली, आता किती झाली, तसं ह्यांनी पोरीचं चालू केलं. पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन, मोबाईलमध्ये एक्सेल शीट, रंगीत ग्राफ. रात्री तीन वाजता झोपलेल्या पोरीला उचलून काट्यावर. पाजायच्या आधी-नंतर वजन करून किती दूध गेलं ते काढायची पद्धत खरी आहे, दवाखान्यात नवजात विभागात करतात, पण तिथले काटे एकदोन ग्रॅमपर्यंत नेमके असतात. आमचा काटा पाच-दहा ग्रॅम इकडंतिकडं, बाळ हलतंय त्याचे अजून दहावीस, आणि मोजायचंय काय तर पन्नास-साठ ग्रॅम दूध. म्हणजे उत्तर येणार कधी 30, कधी 80. ज्या वेळी 30 आलं त्या वेळी ह्यांचा चेहरा बघून मलाच पाझर फुटायचा बंद व्हायचा. शिवाय एक वेळ कमी पिणं, एक वेळ जास्त पिणं हे सगळीच बाळं करतात, आपण तरी प्रत्येक जेवणाला मोजून दोन भाकरी खातो का? शेवटी डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, आठवड्यातनं एकदा, बाकी सहा दिवस काटा कपाटात. काटा कपाटावर, अगदी वरती, मामांच्या ताब्यात गेला. म्हणून सांगते, घरात आकडेवाला माणूस असेल तर काटा घेतानाच कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार ते ठरवा.

काट्याचा मला झालेला खरा फायदा मात्र वेगळाच होता. येणारी-जाणारी बघायला येतात, हातावर पन्नास रुपये ठेवतात आणि म्हणतात 'पोरगी लई वाळलीया बघ, दूध पुरंना व्हय गं?' एकीनं सांगितलं गाईचं दूध पाणी घालून दे, दुसरीनं सांगितलं म्हशीचं धारोष्ण, अगं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पैलवान पितात ते, महिन्याच्या पोरीला! तिसरीनं मधाचं बोट. चौथीनं गुटी. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यानं बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषामुळं होणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आणि वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नाही, सहा महिने आईचं सोडून पाणीसुद्धा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी पाठ म्हणायचे पण बाळंतिणीचं कोण ऐकतंय. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपू, खसखशीची खीर असं सगळं खाऊ घातलं, माझी आई आली ती पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊनच. त्यानं दूध वाढलं का ते सांगता येणार नाही, माझी ताकद वाढली हे नक्की, आणि पांढऱ्या रश्श्याला नाही म्हणणारी मी कोण. पण मंगळवारचा आकडा भिंतीवर लिहायला लागल्यावर पाहुण्यांची तोंडं बंद झाली. 'गेल्या आठवड्यापेक्षा दीडशे ग्रॅम वाढली' असं म्हटलं की पुढचं कुणी बोलत नाही. फक्त या एका कामासाठी मी काट्याला चार स्टार द्यायला तयार आहे.

पण वजन काट्यानं वाढलं नाही, हे घ्यायच्या आधी नीट समजून घ्या. काटा आला त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा पोरगी जेमतेम शंभर ग्रॅम वाढली होती. फरक पडला तो डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टरमुळं, त्यांनी स्तनपानाचं ट्रेनिंग घेतलेलं आहे. त्यांनी मला बोलायला न लावता फक्त पाजायला सांगितलं आणि बघत बसल्या. मग म्हणाल्या, बाळ नुसतं टोक चोखतंय, म्हणून तुम्हाला दुखतंय आणि तिला मिळत नाही, म्हणून ती दमून झोपतेय. पिताना टकटक आवाज येत होता तो मी गोड समजत होते, तो पकड सुटण्याचा आवाज होता. त्यांनी उशी काढली, मला मागे टेकवून बसवलं, बाळाचं पोट माझ्या पोटाला चिकटवलं, डोकं-पाठ एका सरळ रेषेत, ओठाला स्पर्श करून तोंड मोठ्ठं उघडायची वाट बघितली आणि मग एका झटक्यात बाळाला जवळ घेतलं, छाती बाळाकडे नेली नाही. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूनं जास्त आत, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखणं तिथल्या तिथं कमी झालं आणि गट गट असं गिळल्याचा आवाज आला, महिन्याभरात पहिल्यांदा.

झोपाळू बाळासाठी त्यांनी सांगितलेलं: दुपट्यातनं सोडवायचं, तळपाय चोळायचे, चोखणं मंदावलं की छाती हातानं हलकी दाबून धरायची म्हणजे दूध जोरात येतं आणि बाळ परत प्यायला लागतं, मग दुसरी बाजू. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, रात्रीचं चुकवायचं नाही कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं. आणि पाजून झाल्यावर हातानं काढलेलं दूध वरनं बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीनं, पाजायचं. बोंडलं! आत्यांनी माळ्यावरनं ह्यांचंच बोंडलं काढलं, चांदीचं, पानपट्टीवाल्याच्या चुन्याच्या डबीएवढं. उकळून घेतलं आणि तेच वापरलं, बाटलीची गरजच पडली नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत. कुणी पंपानं किंवा हातानं काढून 'एवढंच निघालं' म्हणून रडत असेल तर तिला सांगा की जेवढं निघतं तेवढंच दूध असतं असं नाही, नीट पकड घेतलेलं बाळ मशीनपेक्षा जास्त ओढतं.

डब्याच्या दुधाबद्दल पण लिहिते कारण सगळ्या तिथंच येऊन अडकतात. एका मेडिकलवाल्यानं डायपर घ्यायला गेलेल्या ह्यांना न विचारता डबा काढून दाखवला, 'वजनासाठी एक नंबर.' आपल्याकडे 1992 चा कायदा आहे, डब्याच्या दुधाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. पण डबा म्हणजे विष असंही नाही. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पकड सुधारून आठवडाभर बघू, वजन हललं नाही तर वरचं दूध मोजून देऊ, उपाशी ठेवून कुठलंही तत्त्व पाळायचं नाही. आम्हाला लागलं नाही, माझ्या मावसबहिणीला लागलं, तिचा पोरगा आज घरभर रांगतोय.

आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. महिन्याला 2 किलो 950, अंगणवाडीच्या गुलाबी तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वयाच्या मानानं कमी. सिस्टर भेटल्या त्याच्या पुढच्या मंगळवारी 190 ग्रॅम जास्त, मग कधी 220, मधे एक आठवडा सर्दीमुळं फक्त 90. पहिले तीन महिने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढ म्हणजे ठीक असं डॉक्टर धरतात. दोन महिन्यांना 3 किलो 850, तीनला 4 किलो 600 आणि हिरव्यात आली. तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा आहे, आईच्या दुधावर वाढलेल्या सहा देशांतल्या मुलांवरनं केलेला आणि त्यात भारतातली, दिल्लीची मुलंही आहेत, त्यामुळं 'तो गोऱ्या पोरांचा तक्ता आहे' असं म्हणणाऱ्या काकांना हे सांगा. आणि शेजारणीचा सहा किलोचा गब्बू तुमच्या तक्त्यात येत नाही, तुमच्या बाळाची रेघ वर चाललीय का एवढंच बघायचं. दवाखान्यात ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहाची पोस्टरं लागली होती, त्यातली सगळी बाळं गुबगुबीत, एक तरी किडकिडीत पण हसरं बाळ लावा की हो कुणीतरी!

काटा ज्या गोष्टी सांगत नाही त्या लंगोट सांगतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट लघवी होत असेल तर दूध जातंय. पावसात लंगोट वाळत नाहीत म्हणून वैताग यायचा, पण दोरीवरचे ओले लंगोट मोजणं हाच माझा रोजचा रिपोर्ट होता. उलट लघवी कमी किंवा गडद, बाळ प्यायला उठतच नाही, अंग ढिलं, ताप, पिताना दम लागतोय किंवा कपाळावर घाम येतोय, दोन आठवडे झाले तरी जन्माचं वजन गाठलं नाही, यातलं काहीही असलं तर काटाबिटा सोडा, पाऊस असो काही असो, बाळाला घेऊन सरळ डॉक्टर गाठा.

तर घ्यायचा का? बाळ नीट पितंय, वाढतंय, तर अजिबात घेऊ नका, लसीकरणाच्या वेळी वजन होतंच, पैसे वाया आणि झोपही. डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन सांगितलंय आणि जायची सोय नाही, खेड्यावर आहात, पुराचं पाणी आहे, तर घ्या. पण दोन हजारच असतील आणि काटा किंवा स्तनपानाच्या जाणकार बाईंची भेट यातलं एकच जमणार असेल तर भेट घ्या, डोळे झाकून. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या, आसपासच्या सर्जिकल दुकानांत विचारून बघा, भाड्यानं मिळाला तर दोनतीन महिन्यांचंच काम असतं, फक्त तिथंच उभं राहून चारी कोपरे तपासून घ्या आणि दुकानदार हसला तर हसू दे. बॅटरीच्या सेलवर चालणारा घ्या, सेल उतरले की आकडा गंडायच्या आधी काटा तसं दाखवतो, आमच्यात तरी दाखवतो. वापरत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा. आमचा आता शिरोलीच्या नणंदेकडे गेलाय, कोपरे तपासायला मामा स्वतः वजनं घेऊन गेले.